मे महिन्यात श्रीलंका, सात रात्री, सोबत आई-बाबा: हा आराखडा चालेल का?

घोडबंदर_४

नमस्कार मंडळी. मेच्या दुसऱ्या आठवड्यात, मुलांच्या सुट्टीत, श्रीलंकेला जायचं ठरतंय. सहा जण आहोत: आम्ही दोघं, १३ आणि ९ वर्षांची मुलं, आई (६४) आणि बाबा (७०). आईचा गुडघा दुखरा आहे. सपाटीवर तासभर चालते, पायऱ्या कठड्याला धरूनच. दोघंही शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. बाबांना अशोकवाटिका पाहायची आहे, मोठ्याला हत्ती आणि धाकटीला समुद्र.

एजंटने दिलेला आराखडा असा: पहिली रात्र नेगोंबो, मग सिगिरिया, कँडी, नुवारा एलिया, एल्ला, 'याला' नावाचं अभयारण्य आणि शेवटी मिरिस्सा. सात रात्री, सात हॉटेलं. मिरिस्साला देवमासे दाखवणार म्हणतो.

प्रश्न तीन. मे महिन्यात हे जमेल का? आईला सिगिरियाला न्यावं का? आणि दोघांच्या जेवणाचं काय? पैशांचं आणि कागदपत्रांचंही कुणी नीट सांगितलं तर बरं होईल.

पाचपाखाडीकर

आराखडा वाईट नाही, महिना चुकलाय. हा डिसेंबर ते मार्चचा कार्यक्रम आहे. एजंट मंडळी तोच बारा महिने विकतात.

श्रीलंकेला दोन मोसमी पाऊस आहेत. नैर्ऋत्येचा साधारण मेअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत कोलंबो, गॉल, मिरिस्सा आणि डोंगराचा पश्चिम उतार झोडपतो. ईशान्येचा डिसेंबर ते फेब्रुवारीत त्रिंकोमाली आणि बट्टिकलोआकडे पडतो. मधला डोंगर आपल्या सह्याद्रीचंच काम करतो: महाबळेश्वरला धो धो आणि फलटणला धूळ. म्हणजे मे महिन्यात दक्षिणेचा समुद्र खवळायला लागलेला असतो आणि पूर्वेचा नुकताच शांत झालेला असतो. मिरिस्साचा देवमाशांचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. मे ते ऑक्टोबर तीच बोट त्रिंकोमालीहून सुटते. तेव्हा एजंटला सांगा, किनारा बदल.

मोसमी पाऊस येण्याआधीच्या पंधरवड्यातही दुपारनंतर गडगडाटी सरी असतात, डोंगरात जास्त. केगल्ल जिल्ह्यातल्या अरनायके गावावर दरड कोसळली ती मे २०१६ मध्ये, आणि रत्नपुरा, कळुतरा भागातले मोठे पूर मे २०१७ मधले. घाबरून जाऊ नका, पण डोंगरातला प्रवास सकाळीच उरकायचा आणि तिथल्या राष्ट्रीय इमारत संशोधन संस्थेचे (एनबीआरओ) दरडींचे इशारे बघत राहायचे.

दुसरी चूक सात हॉटेलांची. देशाचं क्षेत्रफळ ६५,६१० चौरस किलोमीटर, आपल्या महाराष्ट्राच्या जेमतेम पाचव्या हिश्शाएवढं, म्हणून नकाशावर सगळं हाकेच्या अंतरावर दिसतं. कोलंबो ते गॉलसारखा द्रुतगती मार्ग सोडला तर रस्ते दुपदरी, गावागावांतून जाणारे. ताशी ३५ ते ४० किलोमीटर धरा, वर चहाचा थांबा. रोज बॅगा बांधायच्या, चार-पाच तास गाडीत बसायचं आणि पोहोचल्यावर देखावा संपलेला, हे सत्तरीच्या माणसाला तिसऱ्या दिवशी नकोसं होतं.

माझा आराखडा: विमानतळावरून थेट सिगिरियाजवळचं हबरणा (सुमारे १६० किमी, ४ तास), तिथे २ रात्री. मग निलावेली, म्हणजे त्रिंकोमालीच्या थोडं उत्तरेला (सुमारे १०० किमी, २ ते अडीच तास), २ रात्री. मग कँडी (१८० किमीच्या वर, ५ तास), २ रात्री. शेवटची नेगोंबोला, कारण विमानतळ तिथून अगदी जवळ आहे आणि सकाळच्या विमानाला कँडीहून निघणं म्हणजे जुगार. याला, एल्ला, मिरिस्सा गाळा. यालाचा बिबट्या पुन्हा कधीतरी.

त्रिंको ते कँडी हा लांबचा पल्ला कंटाळवाणा नाही. वाटेत दांबुल्लाची लेणी आहेत आणि मातलेजवळ आलुविहार. पाली त्रिपिटक पहिल्यांदा लेखी उतरवलं गेलं ते इथे, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात, अशी परंपरा आहे. याच मातलेच्या रस्त्यावर 'मसाल्याच्या बागा' लागतात. प्रवेश फुकट, माहिती फुकट, मग केसांचं तेल आणि गुडघ्याचा लेप अशा भावात की गुडघा बरा वाटावा! आईंना आधीच सांगून ठेवा. ड्रायव्हरला तिथे कमिशन असतं, रत्नांच्या दुकानांतही असतं. पहिल्याच दिवशी गोड शब्दांत 'खरेदीचे थांबे नकोत' सांगितलं की प्रश्न मिटतो.

ऐरोली_फ्लेमिंगो

पाचपाखाडीकरांशी सहमत, एक गोष्ट सोडून: ज्या बाबांसाठी निघालात त्यांचीच अशोकवाटिका गाळून कसं चालेल? कँडीची एक रात्र कमी करा आणि ती नुवारा एलियाला द्या. कँडी ते नुवारा एलिया सुमारे ७५ किमी, अडीच ते तीन तास, सगळा चहाच्या मळ्यांतून. अशोकवाटिकेची जागा म्हणून दाखवतात ते सीता अम्मन मंदिर तिथून हकगलाच्या वाटेवर, पाचेक किलोमीटरवर, सीता एलियाला. मंदिर छोटं आहे. मागे ओढा आणि ओढ्याकाठच्या खडकात हनुमानाची म्हणून दाखवली जाणारी पावलं. अर्ध्या तासात दर्शन होतं, पुढे हकगलाची वनस्पतिबाग, १८६१ साली सिंकोनाच्या लागवडीसाठी सुरू झालेली. गाव १,८६८ मीटरवर आहे, आपल्या कळसूबाईपेक्षा उंच, त्यामुळे मे महिन्यातही संध्याकाळी स्वेटर लागतो. ठाण्याच्या घामात बॅग भरताना हेच विसरलं जातं.

रेल्वेने जायचा मोह सगळ्यांना होतो. कँडी ते नानू ओया (नुवारा एलियाचं स्टेशन) सुमारे चार तास. आरक्षण ३० दिवस आधी उघडतं आणि सुट्टीच्या दिवसांत लगेच संपतं. पण नोव्हेंबर २०२५ च्या दितवा चक्रीवादळात डोंगरातल्या मार्गाचं फार नुकसान झालं, तेव्हा गाडी कुठपासून कुठपर्यंत धावते आहे ते श्रीलंका रेल्वेकडूनच पक्कं करा, जुन्या व्हिडिओंवरून नको. मिळाली तर दुसऱ्या वर्गाचं तिकीट घ्या. वातानुकूलित पहिल्या वर्गाच्या खिडक्या उघडत नाहीत आणि मजा खिडकीतच आहे. सामान व्हॅनमधून पुढे पाठवायचं. आणि लोकलच्या दारात उभं राहायची सवय इथे आवरा: बोगदे आणि कातळ डब्याला अगदी खेटून आहेत, दाराबाहेर लोंबकळून फोटो काढणारे पर्यटक दरवर्षी जखमी होतात.

हत्तींबद्दल. मिन्नेरिया उद्यानातला हत्तींचा प्रसिद्ध मेळावा जुलै ते ऑक्टोबरचा. तलाव आटतो, तळाशी कोवळं गवत येतं, म्हणून कळप उतरतात. मे महिन्यात तलाव भरलेला असतो. अलीकडे मोरगहकंद धरणाचं पाणी सोडून तो हंगामातही भरलेला राहतो, तेव्हा मेळाव्याची खात्री तशीही राहिलेली नाही. पण हबरणाभोवती मिन्नेरिया, कौडुल्ला आणि हुरुलू असे तीन पर्याय आहेत आणि हत्ती यांच्यात फिरत असतात. जीप आदल्या दिवशी ठरवा, पण कुठे जायचं ते त्या दिवशी दुपारी विचारा. कुठल्या रानात कळप आहे हे जीपवाल्यांना सकाळीच कळलेलं असतं. दुपारी अडीच-तीनला निघून अंधार पडायच्या आत परत. पिन्नवलाच्या हत्ती अनाथालयात साखळीतले हत्ती बघण्यापेक्षा हे शंभरपट बरं.

सीवूड्स_वाचक

सिगिरियाचं, म्हणजे त्या कातळावरच्या जुन्या राजधानीचं, मी सांगतो.

आईंना वर नेऊ नका. पायऱ्या साधारण १,२००, शेवटचा टप्पा कातळाला लटकवलेल्या लोखंडी जिन्याचा. चढणं एकवेळ जमेल, उतरताना गुडघा बोलेल, आणि गर्दीत मधूनच मागे फिरणं कठीण. पण तिकीट काढून पायथ्याच्या जलोद्यानात जरूर न्या. ती वाट जवळपास सपाट आहे, दीड हजार वर्षांपूर्वीची कारंजी आहेत (चांगला पाऊस झाला की अजून उडतात) आणि आख्खा कातळ तिथूनच सर्वांत चांगला दिसतो. शिवाय संग्रहालय त्याच तिकिटात. एक घोटाळा इथे हमखास होतो: उतरायची वाट आणि बाहेरचा वाहनतळ वेगळ्या बाजूला आहे. खाली बसलेली माणसं प्रवेशद्वाराशी आणि चढलेली भलत्याच फाटकाशी, असं होतं. कुठे भेटायचं ते ड्रायव्हरसमोर आधीच ठरवा.

चढणाऱ्यांनी सकाळी साडेसहाला, फाटक उघडताना, हजर राहायचं. नऊनंतर कातळ तापतो, मे महिन्यात तर तव्यासारखा, आणि जिन्यावर रांग लागते. दुपारी वळिवाची भीती. वर पाणी मिळत नाही, माणशी किमान एक लिटर न्या. कातळाला आग्या मोहोळं आहेत. आरडाओरडा करू नका, उग्र अत्तर लावू नका, आणि माश्या उठल्याच तर शेवटच्या जिन्याच्या पायथ्याशी असलेल्या सिंहाच्या भव्य पंजांपाशी जाळीच्या खोल्या आहेत त्यात शिरा. माश्या उठल्या की रखवालदार वरचा भाग तासभर बंदही करतात, म्हणून त्या सकाळी पुढचा कार्यक्रम ताणून बसवू नका. भित्तिचित्रांचे फोटो काढायला मनाई आहे, फ्लॅश बंद करूनही नाही.

मुलांना जाण्याआधी एक गंमत सांगा. कश्यपाने बापाला मारून राज्य घेतलं आणि भावाच्या धास्तीने राजधानी या कातळावर हलवली, ४७७ ते ४९५ हा त्याचा काळ. आपल्या अजिंठ्याची वाकाटक राजांच्या वेळची लेणी त्याच सुमाराची. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात सिंहलाची गोष्ट रंगवलेली आहे, हत्ती होड्यांतून लंकेत उतरतायत. मुलांनी अजिंठा पाहिलं असेल तर सिगिरियाच्या भित्तिचित्रांतल्या अप्सरांकडे ती वेगळ्या नजरेने बघतील. चित्रांच्या खाली जी गुळगुळीत 'आरशाची भिंत' आहे तिच्यावर जुन्या प्रवाशांनी कविता कोरून ठेवल्यात, परणविताना या पुरातत्त्वज्ञांनी त्यातल्या ६८५ वाचून छापल्या. आता तिला हात लावला तरी रखवालदार धावून येतो, आणि बरोबरच आहे.

आईंसाठी खरी जागा पोलोन्नरुवा, हबरणाहून तासाभराच्या आत. अवशेषांच्या एका गटाकडून दुसऱ्याकडे गाडी नेता येते, मधलं चालणं थोडं आणि सपाट. गल विहाराचा १४ मीटरचा निजलेला बुद्ध, वटदागे म्हणजे गोल स्तूपघर, आणि चोळांच्या काळातलं दगडी शिवमंदिर. बाबांना ते ओळखीचं वाटेल: राजेंद्र चोळाच्या वेळी हीच लंकेतली त्यांची राजधानी होती. अडचण एकच. प्रत्येक पवित्र जागी चपला आणि टोपी काढावी लागते आणि अकरानंतर दगडावर पाय ठेववत नाही. जाड मोजे चालतात, सगळ्यांसाठी एकेक जोडी हाताशी ठेवा.

दांबुल्लाला साडेतीनशेच्या आसपास पायऱ्या, टप्प्याटप्प्याने. तिकीट खालीच मिळतं, वर नाही. न घेता चढलेल्यांना परत पाठवतात.

खारकर_आळी

कपड्यांचं राहिलं म्हणून मध्ये येतो. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पुरुषांचेही. बर्मुडा घातलेल्या पोरांना दारातून परत पाठवतात. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढायचा नाही. सेल्फी म्हणजे पाठच झाली! बुद्धाचं चित्र असलेला टी-शर्ट किंवा गोंदण असेल तर विमानतळावरच अडचण होऊ शकते.

आणि वेसाक. बुद्धपौर्णिमा मे महिन्यात येते, सलग दोन दिवस सुट्टी असते. प्रत्येक पौर्णिमेला, ज्याला ते पोया म्हणतात, दारू आणि मांसविक्री बंद. शाकाहाऱ्यांना फरक पडत नाही. पण वेसाकला आख्खा देश घराबाहेर पडतो: आकाशकंदील, तोरणं, रस्त्यावर फुकट अन्नदानाचे 'दन्सल'. बघण्यासारखं आहे, फक्त त्या संध्याकाळी दूरचा प्रवास ठेवू नका. तारखा आधी जुळवून बघा.

घोडबंदर_४

मंडळी, कमाल आहे. मिरिस्सा गाळलं, निलावेली घेतलं. नुवारा एलियाही ठेवतोय. आता जेवणाचं आणि पैशांचं सांगा. शिवाय बाबा विचारतायत, अनुराधापुर का नाही?

ऐरोली_फ्लेमिंगो

अनुराधापुर हबरणाहून साठेक किलोमीटर. तिथे श्री महाबोधी आहे, संघमित्रेने बोधगयेहून नेलेल्या फांदीचा वृक्ष, आणि जेतवनाराम स्तूप, मुळात सुमारे १२२ मीटर उंच. पण आवार अवाढव्य आहे, दिवस पुरत नाही, अनवाणी चालणं भरपूर. दोन रात्रींत पोलोन्नरुवा किंवा अनुराधापुर, एकच निवडा. श्रद्धेने जाणाऱ्यांनी अनुराधापुर घ्यावं. बाबांना कँडीच्या दंतमंदिराची, जिथे बुद्धाचा दात जपलाय असं मानतात, एक गोष्ट आवडेल: मे १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर बौद्धांच्या जागतिक परिषदेसाठी श्रीलंकेत आले होते आणि त्या परिषदेची सुरुवात याच मंदिरात झाली.

वाशी_से_१७

जेवण. आई-बाबांना खरा धोका चिकनचा नाही, 'उंबलकड'चा आहे. सुकवलेल्या टुना माशाचा चुरा. खोबऱ्याच्या चटणीत (पोल सांबोल), पालेभाजीच्या सांबोलात, कधी डाळीतही चवीपुरता टाकतात आणि तो 'मासा' म्हणून मोजत नाहीत. व्हेज मागितलं तरी येतो. म्हणून शब्द पाठ करा: 'मस एपा, माळु एपा, उंबलकड एपा, बित्तर एपा', म्हणजे मांस, मासे, तो चुरा आणि अंडं नको. कागदावर सिंहलीत लिहून घ्या हॉटेलवाल्याकडून, रोज दाखवायचा. कोत्तू रोटी व्हेज मागितली तरी त्याच तव्यावर मांस परतलेलं असतं, ती टाळा.

बाकी खाणं कोकणी माणसाच्या घरचं आहे. इंदिआप्प म्हणजे आपले शिरवळे, फक्त गोड रसाऐवजी डाळ आणि नारळाच्या रश्शाबरोबर. आप्प म्हणजे वाटीच्या आकाराची, कडेला कुरकुरीत आंबोळी. मध्ये अंडं फोडलेली वेगळी मिळते, तेव्हा साधी मागा. 'पोलोस' म्हणजे कुयरीची, कोवळ्या फणसाची रस्साभाजी. दही मडक्यात विरजलेलं, म्हशीच्या दुधाचं, वर 'कितुल पानी' म्हणजे भेरली माडाचा काकवीसारखा पाक. हे चुकवू नका. त्रिंकोमालीत तमिळ वस्ती मोठी आहे, तिथे 'सैवम' म्हटलं की सगळं समजतं, इडली-डोसा शुद्ध शाकाहारी मिळतो. तिथलं कोणेश्वरम मंदिरही बाबांना दाखवा, किल्ल्यातून वर, थेट समुद्रावरच्या कड्यावर. जुनं मंदिर सतराव्या शतकात पोर्तुगीजांनी पाडलं. किल्ल्यात हरणं मोकळी फिरतात, धाकटी तिथेच रमेल.

तिच्या समुद्राचं: निलावेलीहून पिजन आयलंडला होडी जाते, पाण्यात तोंड घातलं की प्रवाळ आणि छोटे रीफ शार्क. ते काही करत नाहीत. सकाळी आठला जा, नंतर गर्दी होते. उद्यानाचं तिकीट आणि होडीचं भाडं वेगळं असतं. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय पाण्यात नाही, प्रवाळावर उभं राहायचं नाही: कापतं, जखम चिघळते आणि प्रवाळही मरतं. शिंपले-प्रवाळ बॅगेत आणायला बंदी आहे.

पाचपाखाडीकर

पैसे आणि कागद. पासपोर्ट तिथे पोहोचल्याच्या तारखेपासून सहा महिने वैध हवा. ईटीए, म्हणजे प्रवेशाची इलेक्ट्रॉनिक परवानगी, ऑनलाइन काढा, पण सरकारी संकेतस्थळावरूनच, ज्याचा पत्ता 'जीओव्ही डॉट एलके'ने संपतो. त्याच नावाशी मिळतीजुळती दलालांची पानं आधी दिसतात आणि जास्त पैसे उकळतात. नियम आणि शुल्क बदलत राहतं, निघायच्या महिन्यात बघा. नाव पासपोर्टवर आहे तसंच भरा, मधलं नाव गाळलं की काउंटरवर खोळंबा.

मूळ पासपोर्ट रोज सोबत ठेवा. सिगिरिया, पोलोन्नरुवा, अनुराधापुर इथे सार्क देशांच्या नागरिकांना परदेशी दरापेक्षा स्वस्त तिकीट आहे, पण पासपोर्ट दाखवल्यावरच, आणि स्वतःहून 'सार्क' म्हणावं लागतं. सहा जणांत हा फरक मोठा होतो.

आपल्या नोटा २५,००० रुपयांपर्यंतच नेता येतात आणि तिथे त्या सगळीकडे चालत नाहीत. थोडे डॉलर आणि फॉरेक्स कार्ड न्या. विमानतळावर बदलून घेतल्याची पावती जपा, उरलेले परत बदलताना मागतात. यूपीआय २०२४ च्या फेब्रुवारीपासून तिथे चालतं, मोठ्या दुकानांत. जीपवाला, होडीवाला, शहाळंवाला मात्र रोख. केशरी शहाळं म्हणजे 'तंबिली', उन्हात तेच प्या.

गाडी: सहा माणसं आणि सामान म्हणजे व्हॅनच, ज्याला तिथे 'केडीएच' म्हणतात. ठरवताना लेखी विचारा: इंधन, टोल, पार्किंग, ड्रायव्हरचं राहणं-जेवण धरलंय का, दिवसाला किती किलोमीटर, आणि मागच्या रांगेला एसीचा झोत आहे का. शेवटचं कुणी विचारत नाही आणि मुलं नेमकी तिथेच बसतात.

खारकर_आळी

दोन बारीक गोष्टी. तिथले नवे प्लग चौकोनी तीन पिनांचे आहेत, ॲडॉप्टर न्या. आणि तिकिटावर विमानतळ नीट वाचा, आता मुंबई आणि नवी मुंबई दोन्ही आहेत. सहारचं पहाटेचं विमान असेल तर लक्षात ठेवा, घोडबंदर रोडवर रात्री अवजड वाहनं सुटतात. नकाशा संध्याकाळी जो वेळ दाखवतो तो रात्री बाराचा नसतो.